वामकुक्षी मंडळाचा चौथा

दुपारी एक ते चार आमचं दुकान बंद असतं. कसब्यात तांबट आळीच्या तोंडाशी आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे आणि मागच्या बाजूला भावाचा कारखाना. सकाळी नऊपासून तो आणि त्याचे दोन कारागीर घंगाळं आणि बंब ठोकून मठारत असतात. एक वाजता हातोडे थांबतात, मी शटर ओढून घेते आणि आळीला वाटतं, भाग्यश्री आता आडवी झाली. मी आडवी होत नाही. मी माळ्यावर जाते, कानाला हेडफोन लावते आणि तलवार उपसते.

मी त्रेचाळीस वर्षांची आहे आणि 'सप्तशिखर' नावाच्या ऑनलाइन खेळात गेली सहा वर्षं ढाल आहे. ढाल म्हणजे गटाच्या पुढे उभं राहून राक्षसाचा मार खाणारी. गिऱ्हाइकांची सवय असल्यामुळे ते काम मला जड गेलं नाही. या खेळात देशभरातली हजारो माणसं एकाच वेळी हिंडत असतात. चौघाचौघांनी गट करायचा, राक्षस मारायचे, त्यांच्याकडचं सामान मिळवायचं आणि एकेक शिखर चढत जायचं. खेळ आता मराठीतही मिळतो. भाषांतर कुणी केलंय कोण जाणे; मेलं की पडद्यावर 'आपला मृत्यू यशस्वी झाला आहे' असं येतं. बटणं मात्र समजतात, तेवढं पुरे.

आमच्या गटाचं नाव वामकुक्षी मंडळ. दुपारी दीड ते साडेतीन मोकळी असणारी माणसं पुण्यात पुष्कळ आहेत, पण ती खरोखरच झोपतात. मला त्यातली तीन माणसं जागी मिळाली. पहिले भीमराव काका. पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले, कात्रजला राहणारे, खेळात धनुर्धारी. बाण सोडण्याआधी ते वाऱ्याचा अंदाज घेतात. या खेळात वारा नाही, हे त्यांना दोनदा सांगून झालं आहे. दुसरा अभिनव, हिंजवडीतल्या एका कंपनीचं काम घरून करणारा, खेळात जादूगार. त्याच्या ऑफिसच्या कॅलेंडरवर दुपारी दीडला जी 'महत्त्वाची मीटिंग' दिसते ती आमच्याबरोबर असते. तिसरा बद्रीनाथ, आमचा वैद्य. त्याच्याबद्दलच सांगायचं आहे.

त्याआधी आमचे नियम सांगते, कारण सगळा घोळ त्यातूनच झाला. खेळातली बरीच माणसं जनावरासारखी वागतात. न बोलता येतात, न सांगता जातात, दुसऱ्याने अर्धा मारत आणलेला राक्षस पळवतात. माझा संताप झाला की मी भांडत नाही, लिहून लावते. मंडळाच्या फळ्यावर मी अकरा नियम लावले होते. आल्यावर नमस्कार करावा. जाताना सांगून जावे. सर्वांना अहो-जाहो करावे, कारण पडद्यामागे कोण आहे ते दिसत नाही. (हा नियम अनुभवातून आला. भीमराव काकांना पहिल्या दिवशी मी 'ए पोरा, नेम धर की नीट' म्हणाले होते.) वैद्याला दोष देऊ नये, द्यायचाच असेल तर आधी स्वतः आगीतून बाहेर यावे. एखाद्याला दिलेली जागा काढून घेऊ नये. आणि सामान पडले की ज्याला गरज आहे त्याने 'हवं' दाबावे, बाकीच्यांनी 'नको'. कोणालाही एकदाच विचारले जाईल.

हे शेवटचं वाक्य मला फार आवडायचं. दुकानात एकेक गिऱ्हाईक तांब्या हातात घेऊन पाऊण तास उभं राहतं. मी एकदा विचारते, घ्यायचाय का? नाही म्हणालं, की तांब्या परत फळीवर. लोक मला तुसडी म्हणतात. मला ते सरळपणाचं वाटायचं.

तर बद्रीनाथ. चोवीस वर्षांचा, वाशीम जिल्ह्यातल्या मंगरुळपीरचा. लोणी काळभोरला खोली घेऊन राहतो आणि गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या एका कारखान्यात रात्रपाळी करतो. गेल्या श्रावणात तो आमच्या गटात आला आणि पहिल्याच दुपारी त्याने मला सात वेळा मरता मरता वाचवलं. मी अशी पुढे उभी असते, आग, विष, दगड सगळं अंगावर, आणि मागून बरोबर त्या क्षणी जखमा भरणारा हिरवा उजेड येतो. सांगावं लागत नाही, ओरडावं लागत नाही. सहा वर्षांत मला असा वैद्य मिळाला नव्हता. पण हे मी त्याला कधी सांगितलं नाही. आपल्याकडे चांगल्याला चांगलं म्हणायची पद्धत नाही, वाईट म्हणालो नाही यातच काय ते समजून घ्यायचं.

एकदा लढाया संपल्यावर गप्पा चालल्या होत्या. बद्रीनाथ सहज म्हणाला की त्याच्या खोलीतले बाकी तिघे दिवसपाळीला असतात, त्यांची-त्याची गाठ फक्त दारात पडते. कारखान्यात त्याला सदुसष्ट म्हणतात, यंत्राच्या नंबरावरून. "माह्यं नाव घेनारे तुमीच तिघं हाय इथं," तो म्हणाला आणि हसला. आम्हीही हसलो. नंतर मी शटर उघडायला खाली गेले, तरी ते वाक्य संध्याकाळपर्यंत माझ्या मागे होतं.

सामान पडलं की वीस सेकंद मिळतात आणि प्रत्येकाच्या पडद्यावर दोन बटणं येतात. बद्रीनाथ कायम 'नको' दाबायचा. औषधाची कुपी पडली, नको. वैद्याचा झगा पडला, जो वैद्याशिवाय कुणाच्या अंगावर चढतच नाही, तरी नको. झगा अभिनवला मिळाला आणि त्याने तो भट्टीत घालून त्याची जादूची पूड केली. काका म्हणाले, मुलगा निःस्वार्थी आहे. अभिनव म्हणाला, आपलं भलं होतंय. मी म्हणाले, असेल बाबा त्याच्याकडे दुसरा झगा. नऊ महिने तो एकाच फाटक्या झग्यात आम्हाला वाचवत होता आणि आम्ही तिघं नव्या कोऱ्या चिलखतांत मिरवत होतो.

मग वैशाखात बातमी आली. पाचव्या शिखराचं दार उघडणार होतं आणि त्याचे नियम कडक होते. ज्या चौघांचा गट आत जाईल तोच पुढचं वर्षभर टिकणार, मधे बदल नाही. आत जायला वैद्याच्या हातात संजीवन दंड लागतो. तो फक्त दलदलीतल्या कर्दम राक्षसाकडे असतो आणि कर्दम आठवड्यातून एकदाच, बुधवारी, लढायला वर येतो. दार उघडायला तीन बुधवार होते. दंड मिळाला तर बद्रीनाथ आमच्याबरोबर वर येणार, नाही मिळाला तर वर्षभर एकटा खाली राहणार.

पहिल्या बुधवारी कर्दम मेला आणि चिखलात तो दंड चमकताना दिसला. वीस सेकंद सुरू झाले. मी 'नको' दाबलं, काकांनी 'नको' दाबलं. आणि बद्रीनाथच्या नावापुढे 'नको' आलं. अभिनव थोडा थांबला, मग वाया कशाला घालवायचा म्हणून त्याने 'हवं' दाबलं आणि सवयीने दंड भट्टीत टाकला. पूड छान निघाली.

मी विचारलं, "बद्रीनाथ, तुम्हाला दंड नको होता का?"

"राहू द्या ना जी," तो म्हणाला. "अभिनवभाऊच्या कामी आला."

दुसऱ्या बुधवारी दंड पडलाच नाही, जळवांच्या कातड्याचे जोडे पडले. त्या दिवशी मी बद्रीनाथला बाजूला घेतलं आणि माझ्या पद्धतीने, स्पष्ट विचारलं की तुम्हाला आमच्याबरोबर वरती यायचं आहे का? तो म्हणाला, "माह्यामुळं तुमचं अडू नाही ताई. दुसरं कोनी चांगलं भेटलं तर पाहून घ्या." मी बरं म्हणाले. विषय संपला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, चांगलंच वाईट वाटलं. पण नाही म्हणणाऱ्याला ओढत नेणारी मी नव्हे. त्याच संध्याकाळी मी वल्लरी नावाच्या एका वैद्य बाईंना विचारलं. त्यांच्याकडे दंड होता, हात चांगला होता आणि बोलणं मोजून मापून होतं. त्यांनी 'चालेल' एवढंच लिहिलं. चौथी जागा त्यांना दिली, असं मी फळ्यावर लावलंसुद्धा. बद्रीनाथने त्याखाली टाळ्या वाजवणारे दोन हात लावले. दुसऱ्या दिवसापासून तो खेळायला आला की नमस्कार करायचा, वाचवायचा, सांगून जायचा, पण हसणं ऐकू यायचं नाही.

त्या रविवारी भीमराव काकांचा पासष्टावा वाढदिवस होता. काकांनी सगळ्यांना कात्रजला जेवायला बोलावलं. वल्लरीबाईंना कामं होती, त्या नाही म्हणाल्या. एवढ्या दिवसांत आम्ही चौघं समोरासमोर पहिल्यांदाच भेटत होतो. खेळात दाढीवाला, सहा फुटी, भगवी कफनी घातलेला वैद्य प्रत्यक्षात एक सडपातळ, नीट भांग पाडलेला मुलगा निघाला. हातात केळीचा घड होता आणि चपला काढताना त्याने बाकी सगळ्यांच्या चपलाही ओळीने लावल्या. अभिनव खेळात कोवळा राजकुमार आहे. प्रत्यक्षात त्याला टक्कल पडायला लागलं आहे. कुणीच काही बोललं नाही, नियमात बसलं नसतं.

काकांच्या बायकोने, हिराकाकूंनी, पाटोडीचा रस्सा, पुऱ्या आणि श्रीखंड केलं होतं. काकू मूळच्या अकोल्याच्या. चाळीस वर्षं पुण्यात राहून त्यांची भाषा अगदी इथली झाली होती, पण बद्रीनाथने दारात वाकून नमस्कार केला तशी ती एका क्षणात अकोल्याला परत गेली. कोन्या गावचा, कोनाचा, आई काय करते, सगळं विचारून झालं. पंगत बसली आणि मी मदतीला म्हणून पुऱ्यांची परात घेतली. अभिनवने चार घेतल्या. काकांनी तीन. बद्रीनाथपुढे वाकून मी विचारलं, पुरी? तो नको म्हणाला. मी पुढे गेले. दुसऱ्या फेरीला पुन्हा पुरी म्हणाले, पुन्हा नको. मी पुन्हा पुढे गेले. त्याच्या ताटातला रस्सा नुसता वाटीत थांबला होता. मला वाटलं, असेल तब्येत नाजूक.

काकू स्वयंपाकघरातून आल्या, त्याचं ताट पाहिलं आणि माझ्या हातातली परात काढून घेतली. "घे रे," म्हणाल्या. तो म्हणाला, नको जी, झालं. "काय झालं? घे." नको जी, खरंच. त्याने ताटावर हात आडवा धरला. काकूंनी त्याच्या बोटांवरच दोन पुऱ्या ठेवल्या आणि म्हणाल्या, "आता नाही म्हणून पाह्य बरं." बद्रीनाथने हात काढला. त्याचा चेहरा असा काही फुलला की मी पाहतच राहिले. मग तो जेवायला लागला. नऊ पुऱ्या खाल्ल्या त्याने. मी मोजल्या, कारण प्रत्येक पुरीबरोबर माझ्या डोक्यात नऊ महिन्यांतलं एकेक 'नको' येऊन पडत होतं. कुपी, झगा, अंगठी, जोडे, दंड.

"काकू," मी स्वयंपाकघरात गेल्यावर हळूच विचारलं, "त्याला भूक होती, तर तो नको कशाला म्हणाला?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "पहिल्या विचारण्याला हो म्हणणाऱ्या माणसाला आमच्याकडे हावरट समजतात," त्या म्हणाल्या. "पहिलं नको आपल्या मानाचं, दुसरं समोरच्याच्या मानाचं. तिसऱ्यांदा विचारलं की कळतं, यांना खरंच द्यायचं आहे. तू किती वेळा विचारलंस?"

मी बाहेर आले आणि बद्रीनाथच्या शेजारी जाऊन बसले. तो बडीशेप चघळत होता. मी त्याला सरळच विचारलं की तुम्हाला दंड हवा होता का, आणि वरती यायचं होतं का? त्याने बडीशेपेची वाटी माझ्याकडे सरकवली.

"कोनी पुन्हा म्हनलंच नाही ना, ताई," तो म्हणाला.

हे ऐकून मला रडू आलं की हसू, ते अजून ठरलेलं नाही. एका बटणाने याला विचारलं, हवं की नको? आणि या पोराने बटणाशीसुद्धा रीत सांभाळली. बटण दुसऱ्यांदा विचारेल म्हणून वाट पाहिली. बटण विचारत नाही, आणि आम्ही त्या बटणाहून वेगळे निघालो नव्हतो. मी त्याला म्हणाले, चूक माझी झाली. दंड आपण मिळवायचाच, मग वल्लरीबाईंशी मी बोलते. तो घाईघाईने म्हणाला की नाही ताई, शब्द दिला तो दिला, त्यांची जागा काढू नका, तुमच्या फळ्यावरच लिहिलेलं आहे. तेही खरंच होतं. मी स्वतः लिहिलेल्या नियमाने मला पहिल्यांदाच घाम फुटला.

दंडापुरती वाट भीमराव काकांनी शोधली; जागेचं मी नंतर बघणार होते. त्यांनी खेळाची मदतपुस्तिका अथपासून इतिपर्यंत वाचलेली आहे. असं करणारे ते जगात एकटेच असावेत. त्यात लिहिलं होतं की चौघांनीही 'नको' दाबलं तर सामान कुणालाच जात नाही, एक मिनिट जमिनीवर पडून राहतं. त्या मिनिटात कुणीही ते उचलू शकतं. मिनिट संपलं की गायब. म्हणजे आम्हाला आग्रह करायला एक मिनिट मिळणार होतं. आम्ही तिघांनी बद्रीनाथला न सांगता हे ठरवलं. काकू म्हणाल्या, मिनिटात तीनदा सहज होतं, मी पंगतीत वीस माणसं उरकते.

तिसरा बुधवार उजाडला. अभिनवला नेमकं त्या दिवशी ऑफिसात जावं लागलं होतं. तो एका काचेच्या छोट्या खोलीत दार लावून बसला होता, बाहेरच्यांना वाटत होतं परदेशातल्या कुणाशी बोलतोय. वल्लरीबाई पाचव्या शिखराच्या दाराशी आधीच येऊन थांबल्या होत्या. अडीचला दार उघडणार होतं. दोन वाजता कर्दम वर आला.

मी जन्मात खाल्ला नसेल असा मार त्या अर्ध्या तासात खाल्ला. चिखल उडत होता, काका वाऱ्याचा अंदाज घेत होते, अभिनव कुजबुजत्या आवाजात मंत्र म्हणत होता आणि मागून हिरवा उजेड एकदाही चुकला नाही. दोन पंचवीसला कर्दम कोसळला. दंड पडला. मी 'नको' दाबलं. काका, नको. बद्रीनाथ, नको, अर्थातच. शेवटच्या सेकंदाला का होईना, अभिनवनेही 'नको' दाबलं. दंड चिखलात पडून राहिला आणि मिनिट सुरू झालं.

"हे काय झालं?" बद्रीनाथ गोंधळून म्हणाला. "कोनीच नाही घेतला?"

काकांनी घसा साफ केला. "बद्रीनाथ, सदर दंड आपण स्वीकारावा, अशी माझी आपणास विनंती आहे," ते म्हणाले. चाकरी संपली तरी काकांची भाषा फायलीतून बाहेर आलेली नाही. बद्रीनाथ म्हणाला, राहू द्या ना जी काका, अभिनवभाऊले द्या.

"मला नको भाऊ, मी आधीचा एक जाळून बसलोय," अभिनव म्हणाला. मग त्याला काय सुचलं देव जाणे. "घ्या ना. नाही घेतला तर माझ्या गळ्याची शपथ." हे त्याने इतक्या कळवळून म्हटलं की काचेबाहेरची दोन माणसं दार उघडून, सगळं ठीक आहे ना, असं विचारून गेली. बद्रीनाथ हसायला लागला. फार दिवसांनी हसला. पण पुन्हा नकोच म्हणाला.

वीस सेकंद उरले होते. आता माझी पाळी होती. मी आयुष्यात कुणाला आग्रह केलेला नाही. लग्नात मला वाढायला लावत नाहीत. धाकटी बहीण परदेशी निघाली तेव्हासुद्धा, जातेस का, असं एकदा विचारून मी गप्प बसले होते. दहा सेकंद उरले.

"बद्रीनाथ, घ्या," मी म्हणाले. "घ्या हो. तुमच्यावाचून आमचं अडतं. रोज अडतं. मी सांगत नाही, हा माझा दोष आहे. घ्या."

चार सेकंद असताना तो वाकला आणि त्याने दंड उचलला. कुणाचं तरी नाक वाजलं. मला वाटतं काकांचं असावं, पण माझंही असेल.

मग आम्ही दाराशी धावलो. दार उघडायला दोन मिनिटं होती आणि तिथे वल्लरीबाई उभ्या होत्या. एका जागेसाठी आता दोन वैद्य होते, दोघांच्याही हातात दंड. मी नमस्कार केला आणि जे आहे ते सांगून टाकायला सुरुवात केली. जागा तुमचीच आहे, शब्द माझा आहे, तो मी मोडणार नाही, पण झालं असं की—

"मी ऐकलं," वल्लरीबाई म्हणाल्या. मंडळात त्यांना घेतल्यापासून आमचं सगळं बोलणं त्यांना ऐकू येत होतं, हे माझ्या डोक्यातून गेलंच होतं. "मला जागा नको. त्यांना न्या."

"असं कसं," मी म्हणाले. आता मी शिकलेली होते. "तुम्ही आमच्यासाठी थांबलात. तुम्हीच चला."

"नको."

"अहो, संकोच करू नका. खरंच चला. आम्हाला मनापासून वाटतं." तिसऱ्यांदा विचारण्याचा मला एवढा हुरूप आला होता की मी आवाजात गोडवासुद्धा आणला. बद्रीनाथही मागून म्हणत होता, या ना जी ताई, तुमीच या.

"हे बघा," वल्लरीबाई म्हणाल्या, "माझा जन्म शनिवार पेठेतला. मी नको म्हणाले म्हणजे मला नको आहे. वैद्य कमी आहेत, माझ्याकडे आत्ता तीन गटांचे निरोप पडलेत. तुम्ही माझा वेळ खाताय." आणि जायच्या आधी त्यांनी बद्रीनाथच्या दिशेने हिरवा उजेड सोडला, एका वैद्याने दुसऱ्याला करायचा नमस्कार असतो तो, आणि सांगून गेल्या. मला ती बाई इतकी आवडली की काय सांगू. गेल्या रविवारपासून मला वाटत होतं की मी जन्मभर चुकीचं वागले. तसं नव्हतं. समोर कोण आहे एवढंच बघायचं राहिलं होतं.

दार कुरकुरत उघडायला लागलं. आत पांढरं धुकं होतं आणि त्यापलीकडे वर्षभराची वाट. काका पुढे झाले, अभिनव त्यांच्या मागे. बद्रीनाथ उंबऱ्याबाहेर थांबला होता, नवा दंड दोन्ही हातांत धरून. मी मनाची तयारी केली. पहिलं नको, दुसरं नको, मग तिसऱ्यांदा काय बोलायचं तेही जुळवून ठेवलं.

"येतोस ना रे, बद्री?" मी म्हणाले.

"हो," तो म्हणाला आणि माझ्याआधी आत शिरला.